मालिकांची प्रारूप यादी आणि एकतीस हरकती

मला एक सांगा, कोऱ्या कागदावर सही घेतली की बंगला नावावर होतो का? होतो का, हो? एकतीस वर्षं मी मालमत्ता नोंदणी कार्यालयात काढली आहेत. बंगला सोडा, इतक्या वर्षांत गाडी लावायची जागासुद्धा दोन साक्षीदार, फोटो, अंगठा आणि तीन हेलपाटे घातल्याशिवाय एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेलेली मी पाहिली नाही. आणि टीव्हीवर? टीव्हीवर तो मेला धाकटा दीर थोरल्या सुनेपुढे कोरा कागद धरतो, ती डोळे पुसत सही करते, मागं धाडधाड काहीतरी वाजतं आणि दुसऱ्या दिवशी तिला बंगल्याबाहेर काढतात! अरे, मुद्रांक कुठाय? साक्षीदार कुठायत? निदान बंगल्याचा नकाशा तरी जोडा!

हे मी मनातल्या मनात म्हणत नाही. मनातल्या मनात म्हणणारा माणूस असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. आमच्याकडे रोज साडेसातला 'उंबऱ्याआडची वाघीण' लागते. ती बघतात माझ्या सासूबाई. वय ऐंशी, सात वर्षांपासून आमच्याकडेच असतात. मी ती मालिका बघत नाही. मी फक्त त्याच खोलीत, टीव्हीकडे तोंड करून पेपर वाचत बसतो. पण माणसाला कान असतात, आणि पेपराला वरची कड असते. त्या मालिकेतला सासरा मार्चमध्ये विमान कोसळून गेला, जुलैत दाढी वाढवून परत आला आणि ऑक्टोबरात पुन्हा गेला. मृत्यूची नोंद एकदाही नाही! नोंद नाही तर वारस कुठून आले? आणि जुलैत आला तो कुठल्या कागदाच्या आधारे जिवंत होता?

हा प्रश्न मी जरा खड्या आवाजात विचारला तेव्हा इमारतीचे सेक्रेटरी जिना चढून वर आले. ते आमच्या बरोबर खाली राहतात. 'भांडण नको' या दोन शब्दांवर अकरा वर्षं सेक्रेटरीपद टिकवलेला माणूस. इमारतीत मला शिक्केसाहेब म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणतात असा माझा बरीच वर्षं समज होता.

"शिक्केसाहेब," सेक्रेटरी म्हणाले, "तुमची मतं रोज छतातून ऐकू येतात. वर्ष संपत आलंय. तुम्ही असं करा, वर्षभरातल्या चांगल्या-वाईट मालिकांची एक यादी करा आणि खाली फळ्यावर लावा. लोक वाचतील."

"वाचतील म्हणता?"

"वाचतील तर. आणि मग ऐकावं लागणार नाही."

शेवटचं वाक्य माझ्या कानांपर्यंत पोचलं नाही असं मी ठरवलं आणि कामाला लागलो.

यादी करणं हा काही पोरखेळ नव्हे. मी फुलस्केप कागद घेतला, पट्टी घेतली, पाच रकाने आखले. अनुक्रमांक, मालिकेचे नाव, आढळलेल्या त्रुटी, प्रेक्षकवर्ग, शेरा. पहिला क्रमांक अर्थातच 'वाटणीपत्र'. ही मालिका तुम्ही पाहिलेली नसणार. कुणीच पाहिली नाही, म्हणून तर चाळिसाव्या भागात बंद पाडली नतद्रष्टांनी. दोन भाऊ वडिलांचं घर वाटून घ्यायला नोंदणी कार्यालयात येतात आणि अकरावा भाग अख्खाच्या अख्खा बाकावर बसून काढतात, कारण सर्व्हर बंद आहे! शेवटी धाकटा थोरल्याला म्हणतो, "उद्या परत यावं लागणार." बस, संपला भाग. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बायको म्हणाली, "आता काय झालं?" मी म्हटलं, "अगं, इतकं खरं मी टीव्हीवर कधी पाहिलंच नव्हतं." ती म्हणाली, "उद्या ऑफिसला जाणारच आहात, तिथं रडा."

मधले क्रमांक भराभर लिहून झाले. सर्वांत शेवटी, वर्षातली सर्वांत वाईट मालिका म्हणून 'उंबऱ्याआडची वाघीण'. त्रुटी सत्तावीस, वेगळी पुरवणी जोडली. मग आला चौथा रकाना, प्रेक्षकवर्ग. खरं सांगतो, तिथं काय लिहावं ते मला सुचेना. पण आमच्या कार्यालयाचा नियम आहे, रकाना कोरा सोडायचा नाही. कोऱ्या रकान्यात उद्या कुणीही काहीही घुसडू शकतो. तेव्हा मी पेनाचं टोपण काढलं आणि लिहून टाकलं: रिकामटेकडे.

मग कोपऱ्यात 'प्रारूप' असा शिक्का मारला. हा शिक्का ऑफिसच्या गडबडीत माझ्या पिशवीत राहून गेला होता. आणि यादी म्हटली की माझ्या हातातून जे आपोआप उतरतं तेही खाली उतरलं: 'या यादीबाबत हरकती व सूचना असल्यास सात दिवसांत लेखी सादर कराव्यात. प्राप्त हरकतींवर सुनावणी घेऊन अंतिम यादी प्रसिद्ध केली जाईल.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे असं. ऑफिसात हीच वाक्यं आम्ही भिंतीवर बिनधास्त लावतो, कारण तिथं ती कुणी वाचत नाही. आमची इमारत वाचते. चोवीस घरं आणि हरकती आल्या एकतीस!

पण हरकतींचं नंतर. यादी लावली शनिवारी दुपारी. संध्याकाळी सासूबाई बागेत फेरी मारून आल्या, जिन्यापाशी थांबल्या, चष्मा बदलला आणि यादी वाचली. वर आल्या, पाय धुतले आणि सरळ आपल्या खोलीत गेल्या. साडेसात वाजले. टीव्ही बंद. पावणेआठ वाजले. टीव्ही बंदच. सात वर्षांत त्या वेळेला आमचं घर इतकं शांत मी ऐकलं नव्हतं. मी पेपर वाचायला घेतला, पण शांततेत मला वाचता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

जेवताना त्या म्हणाल्या, "पुढल्या आठवड्यातल्या सोमवारी मी मुलाकडे जाते. त्यानं तिकीट काढलंय."

"किती दिवस?" बायकोनं विचारलं.

"बघू."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला घास ताटात परत ठेवला. माझा मेहुणा वाईट माणूस आहे असं नाही. पण तो राहतो अठराव्या मजल्यावर, नवरा-बायको दोघं सकाळी आठला जातात ते रात्री आठला येतात, आणि दाराचं कुलूप आकडे दाबून उघडणारं. सासूबाईंना ते आकडे जमत नाहीत, म्हणजे बारा तास आतच. दोन वर्षांपूर्वी त्या तिथं तीन आठवडे राहिल्या, आणि परत आल्यावर चार दिवस फ्रिजशी बोलत होत्या. त्या तिथं कायमच्या गेल्या तर त्यांचं काय होणार हे बायकोला दिसत होतं, आणि मलाही दिसत होतं. शिवाय, आता लपवण्यात काय अर्थ आहे, मला त्या हव्या आहेत. माझ्या ऑफिसच्या गोष्टी या घरात पूर्ण ऐकणारं दुसरं माणूस नाही. मुलगी परगावी नोकरीला गेली ती, मला वाटतं, निम्मी त्या गोष्टींमुळेच.

"यादीवर सही तुमची आहे," बायको आत जाऊन हळू आवाजात म्हणाली. "काय ते निस्तरा."

मी निस्तरायला निघालो, पण तोवर इमारत माझ्या मागे हात धुऊन लागली होती. रविवारी सकाळी सातला दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य उभे. "तुम्ही 'सात भाऊ, एक किल्ली'ला वाईटात चौथं टाकलंत?" म्हणाले. "अहो, ती माझ्या दवाखान्यात लावलेली असते. पेशंट आ वासून बघतात म्हणून मला काम करता येतं! काल एकानं तुमची यादी वाचली आणि अर्ध्यात तोंड मिटलं. माझं बोट आत होतं!" बोट त्यांनी मला दाखवलं. मी म्हटलं, "लेखी द्या." त्यांनी डाव्या हातानं लिहून दिलं.

शेजारच्या घरातल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी 'वाटणीपत्र'वर हरकत घेतली. त्यांचे यजमान अकराव्या भागाला जे झोपले ते दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशिरा गेले, त्याची जबाबदारी कोण घेणार, असा सवाल. शिवाय माझ्या यादीतल्या अक्षराला दहापैकी चार गुण देऊन त्यांनी तो आकडा तांबड्या पेनानं यादीवरच लिहिला. सेक्रेटरींनी सुचवलं की सगळ्याच मालिकांना पहिला क्रमांक द्यावा, भांडण नको. आणि तळमजल्यावरचे अर्जबहाद्दर! हा माणूस सकाळी दात घासायच्या आधी एक अर्ज करतो. त्यांनी एकट्यानं नऊ हरकती दिल्या. त्रुटी मोजण्याचे निकष काय, मी मालिका पाहताना अन्य कोणी हजर होते काय, असल्यास त्यांची नावे. वर, एक प्रत त्यांनी माझ्या ऑफिसला पाठवली, कारण शिक्का सरकारी होता.

बुधवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण साहेब तो साहेबच. समोर अर्जबहाद्दरांचं पत्र.

"तुम्ही आता मालिका पण नोंदवता?"

"नाही साहेब, शिक्का चुकून..."

"चार महिन्यांत निवृत्त होणार तुम्ही. हे काय वय आहे का? तीन दिवसांत लेखी खुलासा द्या." मी मान खाली घालून निघालो तर म्हणाले, "जरा दार लोटा." मी लोटलं. साहेब पुढे वाकून म्हणाले, "वाघीण शेवटी का हो टाकलीत? आमच्या घरी तिच्यामुळं अर्धा तास शांतता असते."

आता बोला! ज्या साहेबाकडे मी एकतीस वर्षांचा स्वच्छ रेकॉर्ड घेऊन उभा, त्यालाही ते कोऱ्या कागदाचं प्रकरण चालतं! मी खुलासा लिहिला, तोही नेहमीच्या कागदाच्या दोन्ही बाजूंनी.

सासूबाईंची बॅग तोपर्यंत पलंगाखालून बाहेर आली होती. रोज साडेसातला टीव्ही बंद. गुरुवारी मी अखेर त्यांच्या खोलीच्या दाराशी गेलो. माझ्या शेऱ्यात मी कधी बदल करत नाही, हे इमारतीला आणि ऑफिसला ठाऊक आहे. पण घरच्या माणसासाठी दोन पावलं मागं यावं लागतं.

"आई," मी म्हटलं, "मी विचार केला. वाघीण एक क्रमांक वर घेता येईल. म्हणजे ती सर्वांत वाईट राहणार नाही. शेवटून दुसरी."

त्या घड्या घालत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

"शेवटून तिसरी," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात मी इतका खाली आलो नव्हतो.

"तुम्ही लेखी मागितलंय ना?" त्या म्हणाल्या. "लेखी देते." आणि शनिवारी, मुदत संपायला दहा मिनिटं असताना, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली एकतिसावी हरकत माझ्या हातात पडली. एकच ओळ होती: 'मान्य नाही. समक्ष बोलेन.'

रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत सुनावणी झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून दंतवैद्य टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले आणि अर्जबहाद्दर त्यांची फाईल मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत. बायको आत चहा करत होती, दर दहा मिनिटांनी ट्रे घेऊन यायची आणि रिकामे कप घेऊन जायची. मी क्रमानं पुकारा करायचा बेत केला होता, पण सासूबाई सगळ्यांच्या आधी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला उद्या गाडी आहे. माझं आधी घ्या."

मी घसा साफ केला. "आपली हरकत मालिकेच्या क्रमांकाला आहे?"

"क्रमांक बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "मालिका भिकारच आहे. मी तर तिला यादीतच घेतलं नसतं. तुमच्या सत्तावीस चुका मी वाचल्या, जावईबापू. सगळ्या कागदांच्या. मोठी चूक तुम्हाला दिसलीच नाही. त्या घरात अठरा माणसं राहतात आणि वर्षभरात एकदाही कुणी भांडी घासलेली नाहीत. ती थोरली सून दिवसभर रडते. अठरा माणसांच्या घरात रडायला वेळ मिळतो होय?"

शाळेतल्या बाई फसकन हसल्या. मी टिपण घेतलं, कारण मुद्दा बिनतोड होता. "मग हरकत कशाला आहे?"

"चौथ्या रकान्याला."

मी चौथा रकाना पाहिला. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. आठ दिवस घरात एक माणूस दुखावून बसलेलं आणि मी क्रमांकांची घासाघीस करतोय!

"सोळाव्या वर्षी सासरी गेले मी," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, इकडे तिकडे बघितलं नाही, फक्त माझ्याकडे. "सगळ्यांच्या आधी उठले, सगळ्यांच्या नंतर जेवले. गार जेवले. सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली, चार मुलं वाढवली. तुमची मुलगी माझ्या घरी, माझ्या मांडीवर मोठी झाली, तेव्हा तुम्ही शिक्के मारत होतात. ह्यांना कारखान्यानं निवृत्त केलं तेव्हा घड्याळ दिलं, भाषणं झाली, माणसं रडली. दुसऱ्या दिवशी हे आठला उठले. मी पाचलाच उठले. तुम्ही चार महिन्यांनी घरी बसाल, तुम्हाला कुणी रिकामटेकडे म्हणणार आहे? मला कुणी निवृत्त केलंच नाही, जावईबापू. मी वाट बघितली बरीच. मग मीच व्हायला लागले. रोज अर्धा तास. साडेसात ते आठ."

मला लाज वाटली. ऑफिसात साहेब बोलले तेव्हा अपमान वाटला होता, ही निराळी गोष्ट होती. मी म्हटलं, "हरकत मान्य. शब्द खोडतो."

"नुसता खोडू नका. तिथं लिहा."

"काय लिहू?"

"निवृत्त."

मी लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. "आणि माझ्या नऊ हरकती?" अर्जबहाद्दर उठून म्हणाले, तेव्हा सगळी खोली एका सुरात ओरडली, "बसा हो खाली!" सेक्रेटरींच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत इमारतीचं एकमत झालेला हा पहिलाच प्रसंग. मग सगळी मंडळी माझ्यामागून जिना उतरली आणि मी त्यांच्यादेखत सुधारित यादी फळ्यावर लावली. वर आलो तेव्हा सासूबाई फोनवर मुलाला सांगत होत्या की तिकीट रद्द कर, तुझ्याकडे सुट्टीत येईन.

मला वाटलं, मिटलं. संध्याकाळी साडेसातला वाघीण सुरू झाली. मी पेपर बाजूला ठेवला आणि उघडपणे टीव्हीसमोर बसलो, माणसानं चूक केली की भरपाईही करावी. मी काहीही बोललो नाही. त्या धाकट्या दिरानं पुन्हा एक कागद काढला तरी बोललो नाही, फक्त खुर्चीचे हात घट्ट धरले.

जाहिराती लागल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, एक विचारू? हिच्या रकान्यात काय लिहाल?"

मी त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. एका हातात डाव, एक कान गॅसवरच्या दुधाकडे, आणि मान लांब करून टीव्ही दिसतोय का ते बघत होती. सात वर्षं ती असं आतूनच ही मालिका बघत आली. मधूनच हाक मारून विचारायची, "काय झालं हो?" आणि मी पेपराआडून म्हणायचो, "काही नाही. नेहमीचंच."

मी उठलो. तिच्या हातातला डाव घेतला. "जा, तू बस."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाही का वाटत तुम्हाला?"

"जा म्हणतो ना. दूध मी बघतो."

"नुसतं बघायचं नाहीये, उतू जायच्या आत बंद करायचंय," असं म्हणून ती गेली. आईच्या शेजारी जाऊन बसली, पाय वर घेऊन.

मी दुधासमोर उभा राहिलो. कसली मेली जबाबदारी असते ही! इतकं लक्ष मी खरेदीखतावर दिलेलं नाही. मी टक लावून बघत होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते वर आलं, गॅसवर सांडलं, ओट्यावरून ओघळून माझ्या पायांवर आलं. तेवढ्यात बाहेर धाडधाड वाजायला लागलं, मायलेकी दोघी एकदम किंचाळल्या आणि मग हसत सुटल्या, अशा हसल्या की मला आत फडकं सापडेना. एवढं काय झालं असेल? एका वर्षात पहिल्यांदा त्या भिकार मालिकेत काहीतरी घडलं, आणि मी ओटा पुसतोय!

"काय झालं गं?" मी ओरडलो.

बाहेरून बायकोचा आवाज आला, "काही नाही. नेहमीचंच."